साक्षीच्या पाच निवट्या

परवा आमच्या सोसायटीतल्या दोन शिक्षिका घरी आल्या होत्या. मी फार पूर्वी मुलांना हसतखेळत गणित शिकवायचो असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून वही-पेन घेऊनच आल्या. म्हणाल्या, सर, काही आयडिया द्या ना. मी दिल्या. भरतीच्या काठीची दिली, भाकरीच्या अपूर्णांकांची दिली, मिठागराच्या क्षेत्रफळाची दिली. पोरी भराभर उतरवून घेत होत्या आणि मीही म्हातारपणी कुणी विचारतंय म्हणून फुगून बोलत होतो. त्या गेल्यावर बायको म्हणाली, टोपलीचं नाही सांगितलंत ते. मी तिच्यावर उगाच खेकसलो. ती कपबशा उचलून आत गेली.

टोपलीचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. तेव्हा सांगतो.

आता जिथं आमची ही सात मजली इमारत उभी आहे, तिथून चालत पाऊण तासावर ते गाव होतं. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. नवी मुंबई हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खाडी, मिठागरं, भातखाचरं आणि ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा धुळीचा रस्ता, एवढंच. तळवलीच्या पुढं रस्ता सोडून खाडीकडं वळलं की कोळ्यांची शंभरेक घरं लागायची, त्यांच्या टोकाला लोकल बोर्डाची एकखोली शाळा आणि शाळेत मी, पहिली ते चौथीचा एकुलता एक गुरुजी. मी घाटावरचा, विशीतला, मासे न खाणारा. पहिले आठ दिवस वासानं माझं डोकं उठलं होतं. पोरं शेजारी येऊन उभी राहिली की मी नाकाला रुमाल लावायचो, आणि ती हे बघत असायची.

पण शिकवायचो झकास. स्वतःच्या तोंडानं सांगतोय, पण खरं आहे ते. त्या काळात गणित म्हणजे पाढ्यांचा गजर आणि छडी. मी छडीला हात लावला नाही. मला त्याचा भारी गर्व होता. मी पोरांना वर्गातून उठवून मिठागरावर न्यायचो. तिथले चौकोनी खण पावलांनी मोजायचे, लांबी गुणिले रुंदी करायची, मग कोणत्या खणात किती मीठ पडेल त्याचा अंदाज बांधायचा. जाळ्याच्या दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारून तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणायचा आणि काटकोन कसा आपसूक होतो ते बघायचं. चिखलात उभं राहून ताणलेली ती दोरी पोरं आयुष्यात विसरली नसतील.

अपूर्णांकांना भाकरी. रोज एका घरून तांदळाची भाकरी यायची. मी ती पोरांसमोर मोडायचो, पाव, निम्मी, पाऊण. निम्मीत पाव मिळवली तर किती? बरोबर सांगेल त्यानं तेवढी खायची, चुकेल त्यानं समोर मांडी घालून खाणाऱ्याकडं बघायचं. मिटक्या मारून खायला मी सांगायचो, त्यानं खेळाला रंग चढतो. एका पोराला पाऊण कळायला महिना लागला. त्या महिन्यात त्याला तुकडा मिळाला नाही, आणि त्याच्या घरी सकाळी चूल पेटत नव्हती हे मला ठाऊक होतं. महिन्यानंतर मात्र त्याचं पाऊण एकदाही चुकलं नाही. मी माझ्या टिपणवहीत लिहिलं, पद्धत यशस्वी.

आणि टोपली. मासळीची जुनी, फाटकी, खवले चिकटलेली एक टोपली मी मागून आणली आणि तिच्यावर चुन्यानं मोठं शून्य काढलं. गणिताच्या खेळात जो चुकेल त्याच्या डोक्यावर ती पालथी घालायची, आणि पुढचा चुकेपर्यंत त्यानं तिच्याखाली बसायचं. पोरं हसून हसून लोळायची. टोपलीखालचं पोरही हसायचं, म्हणजे आवाज तरी हसल्यासारखा यायचा. छडीनं जे होत नाही ते टोपलीनं आठवड्यात झालं, अख्खा वर्ग मान खाली घालून पाढे घोकायला लागला.

ह्या सगळ्यात एक मुलगी होती. चौथीत, अकरा वर्षांची, काळीसावळी, दातात फट. बाप होडीवर, आई बंदरावर निवट्या विकायची. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी, जिवंतच विकतात आणि नगावर मोजून देतात. ही पोर गणितात अशी होती की मला कधी कधी तिची धास्ती वाटायची. उदाहरण फळ्यावर लिहून खडू खाली ठेवेपर्यंत तिचं उत्तर तयार, आणि नुसतं उत्तर नाही, दुसऱ्या रीतीनं कसं काढता येईल तेही.

भरतीची काठी तिची. माझी नाही, तिची. मी खाडीच्या काठाला खुणा केलेला बांबू रोवला होता खरा, पण त्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. ही म्हणाली, गुरुजी, आमचा आजा काठी बघत नाय, तिथीचे चार वाटे करतो नि त्यातले तीन घेतो, बारापासून तवढे तास मोजले की भरती. मी हिशेब करून बघितला. अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. काठीवर बघितलं तर चुकलंच तर थोडंफार. मी थक्क झालो. अख्ख्या जिल्ह्यात पोरांकडून पाऊणकीचे पाढे पाठ करून घ्यायला मास्तर रक्त आटवत होते, आणि इथं पाऊणकी रोज दोनदा खाडीतून वर येत होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथी, वेळ, काठीवरची खूण असा तक्ता कोळशानं भिंतीवर मांडायला लागलो. टिपणवहीत मी लिहिलं, माझी कल्पना, भरतीची काठी.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडं न बघता, फळा पुसता पुसता. मी दोन दिवस तापानं पडलो होतो तेव्हा तिनं पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळला होता आणि शाळेचा गोंगाट गावात ऐकू गेला नव्हता. पण पाचवीची शाळा दोन मैलांवरच्या गावात, आणि तिथवर एकट्या पोरीला कोण पाठवतो? मी तिच्या बापाशी बोललो. माणूस सरळ होता. म्हणाला, दिपोटी येनार हाय ना? तो बोलला पोरगी हुशार हाय, तर धाडीन. नाय बोलला तर आयशीमागं बंदरावर बसंल. शाळा तपासायला जो साहेब यायचा त्याला सगळे दिपोटी म्हणत, आणि त्याचा शब्द त्या माणसाला देवाचा वाटत होता. मी म्हटलं, काळजी सोडा, तुमच्या पोरीला मी साहेबांसमोर उभी करतो.

मलाही दिपोटी हवाच होता. त्याचा चांगला शेरा पडला तर मला ट्रेनिंग कॉलेजला पाठवणार होते, आणि त्या चिखलातून मला एकदाचं बाहेर पडायचं होतं.

साहेबांसाठी मी बाजाराचा खेळ बसवला. खाडीच्या मातीच्या पोरांनी निवट्या केल्या, दीडशेच्या वर, उन्हात वाळवून काजळीनं डोळे काढले. एक विकणारी, बाकीची गिऱ्हाइकं. कोडी म्हणजे वीस, दोन कोड्या चाळीस, पाच कोड्या शंभर, असा मोजत मोजत विसाचा पाढा आणि मग शेकडा. ह्या मुलीला मी विकणारी केलं. दुसऱ्या कुणाला करणार?

पहिल्याच तालमीला एका मुलानं तिच्याकडं पाच कोड्या मागितल्या. तिनं दोन्ही हातांनी मिळून पाच-पाच उचलत झरझर मोजल्या, टोपलीत ओतल्या, आणि मी विचारलं, किती झाल्या? ती म्हणाली, एकशे पाच. मला आधी वाटलं थट्टा करतेय. पुन्हा विचारलं. पुन्हा एकशे पाच. जी कधीच चुकत नाही ती चुकली म्हटल्यावर मला, खरं सांगतो, बरं वाटलं. आतून गुदगुल्या झाल्यासारखं. मी स्वतः उठलो आणि शून्याची टोपली तिच्या डोक्यावर घातली. ती टोपलीखालून म्हणत होती की बंदरावर असंच देतात. मी म्हटलं, बंदरातलं बंदरात, ही शाळा आहे. पोरं हसली. त्यांच्या हसण्यात त्या दिवशी जरा जास्तच जोर होता, कारण तिच्यावर हसायची पाळी त्यांना कधी आली नव्हती. तास संपेपर्यंत कुणी चुकलं नाही, मी मुद्दाम सोपं सोपं विचारत राहिलो, आणि ती तास संपेपर्यंत टोपलीखाली बसली.

पण माझ्या डोक्यात ते एकशे पाच घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाकाला रुमाल लावून बंदरावर गेलो. तिची आई एका गिऱ्हाइकाला निवट्या मोजून देत होती. पाचाची एक उचल, चार उचलींची कोडी. कोडी झाली की तिनं एक निवटी वेगळ्या पळ्यात, पसरट भांड्यात, टाकली, पुढची कोडी मोजली, पुन्हा एक. मी विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, साक्षीची. किती कोड्या झाल्या ते ध्यानात राहावं म्हणून. मी म्हटलं, मग शिंपला टाका की. ती हसली. बंदरावर शिंपले पायापायाला पडलेले, चुकून एखादा पळ्यात पडला की भांडण, असं तिनं सांगितलं. म्हणून खूण मालातलीच टाकायची. आणि मोजणी संपली की साक्षीच्या सगळ्या निवट्या गिऱ्हाइकाच्या टोपलीत, कारण त्या त्याच्या नावानं निघाल्या, त्या मागं ठेवणं म्हणजे चोरी. आजवर आमच्या घरानं साक्षीची मागं ठेवली नाय, असंही ती म्हणाली. पाच कोड्यांना पाच. एकशे पाच.

मी तिथंच उभा राहिलो. पोर बरोबर होती. तिच्या गावात कोडी एकवीसला पडत होती, आणि एकवीस पंचे एकशे पाच हे तिनं मला मातीच्या निवट्यांवर दाखवलं होतं. कुणाला मिळतो असा धडा? मोजायचं कसं, खूण का ठेवायची, दर कोडीला एक वाढली तर शेकड्याचं काय होतं, सगळं त्यात आयतं होतं. खऱ्या मास्तरानं वर्गात जाऊन तिच्यापुढं हात जोडले असते. मला ते सगळं कळलं, त्याच क्षणी कळलं. म्हणजे अजाणतेपणाची सबब मला नाही.

दिपोटी दुसऱ्या दिवशी येणार होता. पाठाचं टाचण मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, त्यात पाच कोड्या शंभर असं होतं. साहेब जुन्या वळणाचा, कडक, आणि किलो-मीटरच्या नव्या मापांचं वारं अंगात आलेला. त्याच्यापुढं कोळ्यांची एकवीसची कोडी मांडायची माझी छाती झाली नाही. मी मुलीला बाजूला घेतलं. तू चुकली नव्हतीस, हे सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की उद्या शंभर म्हणायचं. तिनं विचारलं, साक्षीच्या टाकायच्या का नाय? मी म्हटलं, खुणेला शिंपले ठेव. तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

दिपोटी आला. पांढरी टोपी, काळा कोट, घामानं चिंब. गाव लोटलं होतं, ओसरीवर बाया, खिडकीला बाप्ये. मुलीचे आईबाप दोघंही खिडकीशी होते. बाप धुतलेला सदरा घालून आला होता. भिंतीवरचा भरतीचा तक्ता बघून साहेब खूश झाला, ही कुणाची कल्पना, असं त्यानं विचारलं. मी नम्रपणे मान झुकवली. मुलगी माझ्यापासून दोन हातांवर उभी होती.

मग बाजार. साहेब इतका रंगात आला की स्वतःच गिऱ्हाईक झाला. म्हणाला, मला पाच कोड्या द्या. मुलीनं मोजायला घेतलं. पाचाची उचल, चार उचली, शिंपला. पुन्हा. हात सराईत, एक उचल चुकली नाही. पाच शिंपले मांडले, शंभर निवट्या साहेबाच्या टोपलीत ओतल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाली, शंभर. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला.

तेवढ्यात खिडकीतून तिच्या आईचा आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असा. "पोरी, साक्षीच्या?"

मागच्या बाया कुजबुजल्या. आलेल्या पाहुण्याला, तेही साहेबाला, त्या घरची पोर कमी मोजून देत होती, अख्ख्या गावादेखत. मुलीनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डोळे वटारले. तिनं खाली वाकून ढिगातल्या पाच निवट्या उचलल्या आणि साहेबाच्या टोपलीत टाकल्या.

साहेबानं विचारलं, ह्या काय? ती म्हणाली, साक्षीच्या. मग पाच कोड्या किती झाल्या? ती म्हणाली, एकशे पाच. साहेबानं भुवया वर केल्या, टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं वळला.

"गुरुजी, तुमच्या शाळेत कोडी एकवीसची असते?"

एक वाक्य. मला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, इथल्या बंदरावर असते, आणि पोरीनं ती बरोबर मोजली आहे. माझ्या जिभेच्या टोकावर होतं ते. साहेब हसला असता, नाहीतर रागावला असता, पण पोर उभी राहिली असती. मी घसा साफ केला.

"मुलगी जरा कच्ची आहे, साहेब. बाकीची मुलं बरोबर सांगतील."

आणि साहेबाचं लक्ष त्या पाच निवट्यांवरून उडावं म्हणून मी आणखी पुढं गेलो. कोपऱ्यातली शून्याची टोपली उचलली आणि आमच्याकडं चुकणाऱ्याला शिक्षा अशी असते, मार नाही, गंमत, असं सांगत ती मुलीच्या डोक्यावर घातली. साहेब खो खो हसला. म्हणाला, वा, ही कल्पना फारच छान आहे. पोरंही हसली, त्यांना तशी सवयच लावली होती मी. बाकीच्या मुलांनी कोरसमध्ये सांगितलं, पाच कोड्या शंभर. खिडकीतला धुतलेला सदरा केव्हा निघून गेला ते मी पाहिलं नाही. आई मात्र होती. ती टोपलीकडं बघत होती, आणि टोपलीखालची पोर ताठ बसली होती, हात मांडीवर ठेवून.

साहेबानं शेरेबुकात अर्धं पान लिहिलं. गुरुजी कल्पक आहेत, मुलांत गणिताची गोडी निर्माण केली आहे, वगैरे. ते पान मला अजून पाठ आहे, पण इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. बाप जाळं शिवत बसला होता. उठून उभा राहिला, मला पाट दिला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. पोर आत चुलीशी होती, तिचे पाय दारातून दिसत होते. मी आडवळणानं सुरुवात केली, परीक्षा जवळ आली आहे, चौथी तरी पुरी होऊ द्या, असं काहीतरी. तो ऐकून घेत होता. मग तो जे म्हणाला त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यानंच मी मेलो.

"गुरुजी, तुमी साहेबाच्या म्होरं बोललात कच्ची हाय. तुमी कशाला खोटं बोलाल?"

आतले पाय हलले नाहीत. मी पाणी प्यालो. बोल, रांडेच्या, बोल, असं माझं मन मला म्हणत होतं. मी म्हणालो, होतं असं कधी कधी, घरी थोडा अभ्यास करून घ्या. आणि उठलो. नाकाला रुमाल लावायचं त्या दिवशी मला आठवलं नाही, एवढाच काय तो पश्चात्ताप.

चौथीच्या परीक्षेला बापानं तिला एक दिवस पाठवली, माझ्या शब्दाला मान म्हणून. गणितात तिला पैकीच्या पैकी पडले. तो निकाल घेऊन मी पुन्हा त्या घरी जाऊ शकत होतो. गेलो नाही. निकाल तिच्या धाकट्या बहिणीच्या हाती पाठवला आणि जूनमध्ये ट्रेनिंग कॉलेजला निघून गेलो.

पुढं माझं बरं चाललं. बरं कसलं, उत्तम चाललं. भरतीच्या काठीचा पाठ मी किती ठिकाणी दाखवला, मोजदाद नाही. शून्याची टोपलीही गेली शाळाशाळांतून, मला लोक येऊन सांगायचे की तुमची टोपली आम्हीही सुरू केली, पोरांना फार आवडते. शिकवणाऱ्यांना शिकवायचं काम मला मिळालं. आणि निर्लज्जपणाची कमाल बघा, काही वर्षांनी त्या एकशे पाचचाही मी पाठ केला. स्थानिक मोजणी आणि गुणाकार, असं भारदस्त नाव दिलं. व्याख्यानात सांगायचो, मुलं जे घरून शिकून येतात त्याचा आदर करा, त्यांना चूक म्हणू नका. टाळ्या पडायच्या.

साठचं दशक अर्धं सरलं असेल. आमच्या कॉलेजची बाराएक पोरंपोरी घेऊन मी खाडीवर आलो, प्रत्यक्ष बंदरावरची मोजणी दाखवायला. दुसऱ्या कुठल्या गावीही नेता आलं असतं, पण एकवीसची कोडी तिथंच. रस्ता रुंद व्हायला लागला होता, कारखान्यांची कुंपणं पडत होती. बंदर तसंच होतं. आणि ती तिच्या आईच्या जागी बसली होती. अठराएक वर्षांची, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर मूल, पुढ्यात निवट्यांची पाटी. मी तिला ओळखलं ते दातातल्या फटीवरून. तिनं मला कशावरून ओळखलं देव जाणे, पण माझं पाऊल थांबलं त्याच्या आधी तिचं बघून झालं होतं.

मागं फिरायला हवं होतं. पण विद्यार्थी भोवती उभे राहिले होते, वह्या उघडून. मी मास्तरी आवाज लावला आणि सांगितलं, नीट बघा, आता ही बाई प्रत्येक कोडीमागं एक निवटी साक्षीची काढील, आणि शेवटी आपल्याला शंभराऐवजी एकशे पाच मिळतील. मग तिच्याकडं वळून म्हणालो, पाच कोड्या द्या.

तिनं मूल शेजारणीच्या मांडीवर दिलं. पाचाची उचल, चार उचली. कोडी झाली. मग तिनं बाजूच्या चिखलात हात घातला आणि एक शिंपला काढून माझ्यापुढं ठेवला. दुसरी कोडी, दुसरा शिंपला. हात तेच, सराईत, एक उचल चुकली नाही. पाच शिंपले ओळीनं मांडले, निवट्या आमच्या टोपलीत ओतल्या आणि हात पुसले. एका मुलानं मोजून बघितल्या. शंभर. तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी ओशाळं हसून तिला म्हटलं, आणि साक्षीच्या?

"कोडी वीसचीच असते, गुरुजी."

शेजारच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. ह्या घरानं साक्षीची मागं ठेवली नाही म्हणणारी तिची आई आता तिथं नव्हती. पोर माझ्याकडं बघत होती, तसंच, जरा वेळ, खुणेला शिंपले ठेव म्हटल्यावर बघितलं होतं तसं. आमच्यातली एक भोळी मुलगी कौतुकानं पुढं झाली. म्हणाली, बाई, किती झरझर मोजता तुम्ही, आमची शाळेतली पोरं बोटं मोडत बसतात, किती शिकलात हो?

"चौथी," ती म्हणाली. "गनितात कच्ची होते."

तेवढ्यात मागून एका म्हातारीनं एक कोडी मागितली. तिनं वीस मोजल्या, एक साक्षीची काढून वेगळ्या पळ्यात टाकली, आणि एकवीसच्या एकवीस म्हातारीच्या पदरात ओतल्या. माझे विद्यार्थी ते वहीत लिहून घेत होते. मी शंभर निवट्यांची ओली टोपली हातात धरून उभा होतो, आणि ती खालून माझ्या धोतरावर ठिबकत होती.